रिठाचे मेंबर

वणीहून सुटलेली एसटी कापसाच्या वावरांमधून धडधडत चालली होती आणि मधेच, जिथे ना थांबा ना वस्ती अशा जागी, उभी राहिली. मला वाटलं टायर बसला. दोन ट्रंका, एक गादी आणि कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवायची नेमणूक एवढा संसार घेऊन मी त्या गावी पहिल्यांदाच चालले होते. पुढच्या बाकावरच्या उंच म्हाताऱ्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि रिकाम्या रानाकडे तोंड करून अगदी अदबीने विचारलं, "येऊ का जी?"

गाडीतलं बोलणं थांबलं. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून उभा राहिला. ड्रायव्हरने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. म्हाताऱ्याने थोडा वेळ कान दिला, मान डोलावली आणि डोकं आत घेतलं. "चला," तो म्हणाला, आणि घंटी वाजली.

शेजारची बाई पदराने घाम पुसत म्हणाली, "आज लवकर हो म्हटलं. मांगच्या बाजारी उतरून पायी गेलते बिचारे, फेऱ्यानं."

"कोणी हो म्हटलं?" मी विचारलं.

"नव्या दिसता तुमी," ती म्हणाली आणि पिशवीतली वांगी नीट लावत बसली.

तासाभराने कळलं की ज्यांच्याकडे मी खोली ठरवली होती ते हेच. गावात त्यांना सगळे मेंबर म्हणत. खरं नाव मी लिहीत नाही, आणि लिहिलं तरी गावात कुणाच्या लक्षात येणार नाही. ग्रामपंचायतीत ते इतकी वर्षं निवडून येत होते की त्यांच्या वॉर्डात दुसरं कोणी अर्जच भरत नसे. एकदा एका पोराने भरला होता म्हणतात. छाननीच्या दुसऱ्या दिवशी तो स्वतःच जाऊन मागे घेऊन आला आणि का घेतला ते त्याने बायकोलाही सांगितलं नाही.

मेंबरांचा खरा वॉर्ड मात्र गावाबाहेर होता. एसटी जिथे थांबली होती तिथून भुईझरीची शीव सुरू होते. भुईझरी हे रिठ आहे, म्हणजे उजाड झालेलं गाव. आमच्या जिल्ह्यात अशी बरीच गावं आहेत. कागदावर नाव आहे, शीव आहे, नकाशा आहे, फक्त माणूस नाही. फार पूर्वी मानमोडीचा ताप आला, घरोघरी माणसं जाऊ लागली, तेव्हा उरलेल्यांनी एका दुपारी बैलगाड्या जुंपल्या आणि गाव सोडलं. त्यातली बरीच घरं आमच्या गावात येऊन राहिली. मेंबरांचं घर त्यातलंच. पण इतर घरं भुईझरीला विसरली आणि मेंबर तिथले प्रतिनिधी होऊन बसले.

"मेला म्हून काय झालं? मत तं आहे ना त्याले," असं ते म्हणत. आपल्याकडे मेलेल्या माणसांनी मतदान केल्याच्या तक्रारी होतात. मेंबरांची तक्रार उलटी होती. मेलेल्यांना कोणी विचारतच नाही, ही त्यांची तक्रार.

मासिक सभेत त्यांच्या शेजारी एक खुर्ची रिकामी असे. "रिठाची खुर्ची" म्हणून शिपाई ती पुसून ठेवायचा. नव्याने निवडून आलेला एक सदस्य, अंगाने आडवातिडवा आणि बोलायला त्याहून आडवा, भर मे महिन्यात त्या खुर्चीवर मुद्दाम जाऊन बसला.  मेंबर त्याच्याकडे बघून गोड हसले फक्त. थोड्या वेळाने तो माणूस आपणहून उठला, दाराशी उन्हात जाऊन उभा राहिला आणि तळहात एकमेकांवर घासू लागला. त्यानंतर तो सभेला येताना घरून स्टूल घेऊन यायचा.

मी त्यांच्याकडे राहायला गेले तेव्हा या सगळ्याची टिंगल करायची पूर्ण तयारी करून गेले होते. माझा स्वभावच तसा. कोणी अंगात आलं म्हटलं की मला थर्मामीटर आठवतो. पण मेंबरांची टिंगल करायला पकड सापडत नसे, कारण ते कुणाला घाबरवत नसत, कुणाकडून काही घेत नसत आणि उपाय, अंगारे, गंडे यांचा त्यांना माझ्याइतकाच तिटकारा होता. ते फक्त ऐकत. माझ्याशी बोलता बोलता एकदम मान वळवत आणि बाजूच्या हवेला म्हणत, "थांब ना जरा, मॅडमसंग बोलून राह्यलो ना मी." मग पुन्हा माझ्याकडे वळून, "हं, काय म्हणत होत्या तुमी?" मी काय म्हणत होते ते मला कधीच आठवत नसे.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, या गोष्टीकडे पाऊसपाण्याइतक्या सहज पाहत. "लग्न झालं तवा मले वाटलं यायले बाहेरचं लागलं," त्या एकदा ज्वारीच्या भाकरी थापता थापता म्हणाल्या. "दोन जागी दाखोलं. मंग ध्यानात आलं, बाहेरचं नाई, यायच्या घरचंच होय. मंग कायले दाखवा?"

या घरात रोज सकाळी दूध घालायला सोमलीबाई यायची. ती भुईझरीच्या तांड्यावरची. जुन्या गावठाणाला कोणी हात लावला नव्हता, पण रिठाच्या हद्दीत, नाल्याच्या अंगाला, बंजाऱ्यांचा तांडा वसला होता. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर हिंडत. नातवंडं आता कापूस आणि तूर पिकवीत. त्या तांड्याची गत अशी की तो कोणत्याच गावाचा नव्हता. भुईझरीची जमीन आमचं गावही आपली म्हणायचं आणि नाल्यापलीकडचं गावही. तांडा कोणाचा विचारलं की दोघंही समोरच्याकडे बोट दाखवायची. उन्हाळ्यात टँकर आमच्या शेवटच्या घरापर्यंत येऊन वळायचा, तिकडून पलीकडच्या गावाचाही तसाच वळायचा. तांड्यावरच्या बाया नाल्यात खड्डे खणून वाटीवाटीने पाणी उपसत.

"पाणी कोनी, बाई," सोमलीबाई दुधाचं माप रिकामं करताना म्हणायची. बंजाऱ्यांच्या गोरबोलीतला तो नकार मला पहिल्यांदा समजला तो तिच्या चेहऱ्यावरून. तिची सून पोटुशी होती आणि तीही खड्ड्यावर जाऊन बसायची.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी राजूरकडचा कोळसा भुईझरीच्या पोटाखालून आमच्याकडे सरकत आला आहे अशी बोलवा उठली. खरं-खोटं कोणालाच माहीत नव्हतं, पण रिठाचा भाव एकदम वाढला. वरून विचारणा आली की हा वाद आता मिटवा. भुईझरी घ्यायची तर तांड्यासकट घ्या, नाहीतर सोडा. तसा ठराव करून पाठवा. पलीकडच्या गावाने तांडा नको म्हणून हात झटकले. चेंडू आमच्या अंगणात आला.

आणि आमचं सत्ताधारी पॅनल उभं फाटलं.

मी वर्गात संसद शिकवत होते: पक्षादेश, मतविभागणी, बहुमत. ते सगळं मला त्या दोन आठवड्यांत रस्त्यावर बघायला मिळालं. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनल असतं, पण भांडायला तेवढं पुरतं. अर्धे म्हणत, जमीन येते आहे, घेऊन टाका, तांडाही येऊ दे. उरलेले म्हणत, तांड्याची मतं आली की पुढच्या निवडणुकीत आपला बाजार उठला. पाच इकडे, पाच तिकडे. या दुसऱ्या पाचांचा म्होरक्या सरपंच होता, आणि सरपंच म्हणजे मेंबरांचा एकुलता एक, वेगळं घर करून राहणारा मुलगा गजूभाऊ. अकरावे मेंबर. त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं.

दोन्ही बाजू आमच्या ओसरीवर येऊन बसू लागल्या. काकू चहा करून थकल्या. तालुक्याहून पुढाऱ्याचा फोन आला. मेंबरांनी तो सगळ्यांसमोर उचलला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता: वरचा आदेश आहे, विरोधात हात वर झाला पाहिजे. मेंबरांनी नेहमीसारखी मान बाजूला वळवली, ऐकलं आणि फोनमध्ये म्हणाले, "हे विचारून राह्यले, का बा आमची शीव, आमचं गाव, अन् आमाले सोडून तुमी साऱ्याईले फोन कसा काय केला?" पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

गजूभाऊ एकटेही येऊन गेले. ते वाईट माणूस नव्हते; घाबरलेले होते. "बाबा, तांडा आला तं माहं पॅनल गेलं समजा. पुढच्या टायमाले त्यायचा सरपंच बसन."

"बसू दे ना. खुर्ची बसासाठीच असते."

"मंग तुमचं मत काय आहे तेवढं सांगा."

"माहं मत कोण विचारते गजू? मले अजून विचारून याचं आहे."

विचारून यायला जाताना ते मला घेऊन गेले. "मॅडम, तुमी शिकवता ना मतदान कसं घ्याचं ते? या मंग. नियमानं झालं का नाई, पाहाले कोणी पायजे." मी गेले ते हसायला एक गोष्ट मिळेल म्हणून.

चैत्र संपत आला होता. भरदुपारी आमच्याकडे कुत्रं सावली सोडत नाही. मेंबरांनी ओला दुपट्टा डोक्याला बांधला, एक मला दिला. शिवेवर त्यांनी वहाणा काढल्या. मीही काढल्या आणि पाय भाजून नाचू लागले.

"येऊ का जी? संग मॅडम आहे. मास्तरीण होय. चांगली आहे, पण हासते." त्यांनी वाट पाहिली. "या म्हणते."

रिठात पांढऱ्या मातीचे उंचवटे होते, खापरांचा चुरा होता, अर्धं फुटलेलं एक जातं होतं आणि चिंचेची मोठाली झाडं होती. चिंचा पिकून खाली पडल्या होत्या आणि तशाच पडून होत्या. एवढ्या झाडांवर एक पाखरू नव्हतं.

मी समोर दिसणाऱ्या मारुतीच्या दगडाकडे सरळ चालू लागले.

"मॅडम! लोकाच्या घरातून कुठी चालल्या? सैपाक चालू आहे तिचा."

मी उचललेला पाय तसाच हवेत धरला. मेंबर डावीकडून वळले, काही पावलं जाऊन उजवीकडे वळले आणि एका जागी मान खाली घालून पुढे झाले. "वाकून या, चौकट बुटकी आहे." तिथे काही म्हणजे काही नव्हतं. ऊन होतं. मी मुद्दाम ताठ मानेने गेले. काही लागलं नाही. पण चार पावलं पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कपाळ चोळते आहे.

मारुतीपुढे मेंबर उभे राहिले आणि सभेत बोलतात त्याच सुरात बोलू लागले. "विषय असा आहे. भुईझरी आपल्या ग्रामपंचायतीत घ्याची का नाई, तांड्यासकट. घेतली तं तांड्याले नळ द्या लागन. पाइप इथून जाईन, गाडीवाटेनं. थोडं खोदा लागन. बोला."

मग ते ऐकत राहिले. मधून मधून उत्तरं देत होते. "नाई, चिंचा नाई तोडत कोणी... हो, मारुती हाये तिथंच राहीन... कोळशाचं मी काय सांगू बाप्पा? ते माह्या हातात नाई. खोटं कायले बोलू?" यावर बराच वेळ गेला. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि ते एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्याकडे पाहावं तसे पाहत होते. शेवटी म्हणाले, "बरं, हात वर करा."

आणि ते बोटाने हात मोजू लागले. बोट कधी खांद्याच्या उंचीला जाई, कधी त्याहून वर, जणू कोणी ओट्यावर उभं आहे. मग एकदम खाली आलं. "ए, हात खाली घे रे. लहान आहेस तू. अठरा लागते."

मी हसले. मोठ्यांदा हसले. आणि ते हसू तोंडातच विरलं. रिकाम्या जागेची शांतता वेगळी आणि गप्प बसलेल्या माणसांची शांतता वेगळी, हे वर्गावर उभं राहणाऱ्याला कोणी सांगावं लागत नाही. पाठ फिरवून फळ्यावर लिहितानाही आपल्याला कळतं की मागे वर्ग भरलेला आहे. मी त्या चिंचांखाली भर उन्हात उभी होते आणि माझ्या मागे वर्ग भरलेला होता. मी मागे वळून पाहिलं नाही. आजही विचाराल तर सांगेन, मला भीती वाटली होती.

मेंबरांचं बोट शेवटच्या चिंचेपाशी थांबलं. गुडघ्याच्या उंचीला. "अन् तू?" ते म्हणाले. मग ते तिथे गेले, जमिनीवर बसले आणि कान अगदी खाली नेला, तापलेल्या माणसाच्या तोंडाशी न्यावा तसा. किती वेळ बसले कोण जाणे. उठले तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू येईना. "बरं माय," एवढंच ते म्हणाले.

शिवेपाशी आल्यावर मी विचारलं, "काय ठरलं?"

"सारे हो म्हणते. एक हात तेवढा उशिरा उठला."

"पण लहान मुलांची मतं धरायची नाहीत ना?"

"ते धरा लागन, मॅडम. ते सगळ्याईच्या आंधी धरा लागन." मग वहाणा पायात सरकवता सरकवता म्हणाले, "आता कशा बरोबर चालल्या पाहा. कोणाच्याच घरात नाई गेल्या." तेव्हा मला कळलं की परत येताना ते माझ्या मागे चालत होते आणि वळणं मी घेतली होती.

सभेच्या दिवशी पंचायतीच्या खिडकीशी मी आणि सोमलीबाई उभ्या होतो. आमच्या मागे तांड्यावरच्या बाया, बिनबोलत. सोमलीबाईने माझं मनगट धरलं होतं. तिची सून बाळंत होऊन आठवडा झाला नव्हता आणि बाळंतिणीला अंघोळीपुरतं पाणीही मोजून द्यावं लागत होतं, हे ती मला सकाळीच सांगून गेली होती. आत ग्रामसेवकांनी ठराव वाचला आणि म्हणाले, "बाजूने असणाऱ्यांनी हात वर करा."

पाच हात वर गेले. मेंबर बसून होते. गजूभाऊंनी श्वास सोडलेला मला खिडकीतून दिसला. मग मेंबरांनी सावकाश, खुर्चीच्या दांड्याला धरून, हात वर केला.

"बाबा, हात खाली घ्या," गजूभाऊ म्हणाले. आवाज सरपंचाचा नव्हता, मुलाचा होता.

"माहा एकट्याचा असता तं घेतला असता, गजू."

ग्रामसेवक हात मोजू लागले. सहा हात मोजायला किती वेळ लागतो? त्यांनी एकदा मोजले आणि थांबले. चष्मा काढून पुसला. पुन्हा मोजले, ओठ हलवत, आणि त्यांची मान नेहमीपेक्षा बरीच लांबपर्यंत फिरली, भिंतीपर्यंत, दारापर्यंत. तिसऱ्यांदा त्यांनी सुरुवातच केली नाही. "बहुमताने मंजूर," ते घाईने म्हणाले. मी नंतर त्यांना एकदा गाठून विचारलं की बाजूने मतं किती पडली. ते म्हणाले, "मॅडम, चहा घेता का?"

सोमलीबाई तिथेच रस्त्यावर खाली बसली आणि रडू लागली. आनंदाने रडणारी माणसं मी खूप पाहिली, पण पाण्यासाठी असं रडणारी बाई पाहिली नव्हती. मलाही रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

गजूभाऊ बापाशी बोलेनासे झाले. पण मंजुरी आली, पाइप आले, गाडीवाटेने चर खणला गेला आणि पावसाळ्याच्या तोंडावर तांड्यावर नळ सुरू झाला. मेंबरांचं मात्र मिटलं नव्हतं. ते दर सभेत एकच अर्ज लावून धरू लागले: पाइप भुईझरीच्या गावठाणातून गेला आहे, तर तिथे एक तोटी द्या. लोक हसत. नियम असा की नळ घराला मिळतो, आणि घर म्हणजे ज्यात माणूस राहतो ते.

पुढचा उन्हाळा लागता लागता एका सकाळी मेंबरांनी खाट उचलली, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा भारा आणि चार बल्ल्या बैलगाडीत टाकल्या आणि भुईझरीत जाऊन शेवटच्या चिंचेखाली कुडाची झोपडी घातली. काकू अडवायला गेल्या नाहीत. त्यांनी डबा भरून दिला. शंभर वर्षांत त्या जुन्या गावठाणाच्या पांढरीवर पहिल्यांदा चूल पेटली, आणि गाव हादरलं. सरपंचाचा बाप रिठात जाऊन राहिला, याहून मोठी बेअब्रू कोणती?

मी डबा घेऊन गेले होते तेव्हाच गजूभाऊ तिथे आले. सोमलीबाईही दूध घेऊन आली होती. गजूभाऊ शिवेपासून ओरडत आले. "मत तुमी माह्याविरुद्ध टाकलं, तेही मी गिळलं! आता हे काय लावलं? कोणासाठी पायजे तुमाले नळ? कोण राह्यते इथी?"

मेंबर खाटेवर बसले होते. त्यांनी मुलाला बसायला सांगितलं. तो बसला नाही.

"माह्या बापाले एक बहीण होती," ते म्हणाले. "लहान. तापानं फणफणत होती, उठता येत नव्हतं. बिमार माणूस गाडीत घ्याचं नाई असं ठरलं होतं गावाचं. ती पाणी मांगत होती. तं माह्या आजीनं बापाले सांगतलं, तिले म्हण, पाणी आणतो म्हून. नाई तं सरपटत आपल्या मांगं येईन. बापाले तवा समज ती कितीक? त्यानं सांगतलं. घागर घेतली हातात, तिले दिसावी म्हून, अन् गाडीत जाऊन बसला."

 मेंबरांनी मुलाकडे पाहिलं.

"मरताना सांगतलं त्यानं मले. तोवरी कोणालेच नाई. घागर आपल्या घरी आहे, तुही माय रोज घासते. साऱ्याईनं हात वर केले गजू, सारे म्हणे तांड्याले पाणी द्या. ती एकटी म्हणे, मले देल्याबिगर नाई. मी तिले बरं म्हटलं, तवा तिनं हात उचलला. अन् मी मत टाकलं. आता तिले काय सांगू? घर नाई म्हून नियमात बसत नाई, असं सांगू?"

गजूभाऊ उभेच होते. त्यांनी चिंचेच्या बुंध्याकडे एकदा पाहिलं, लगेच नजर काढून घेतली आणि आले तसे निघून गेले. जाताना ते सरळ गेले नाहीत. झोपडीपासून डावीकडून वळून, मग उजवीकडून गेले. मेंबरांनी ते पाहिलं.

पुढच्या आठवड्यात फिटर आला. त्याच्यासोबत पान्हा घेऊन सरपंच स्वतः आले. पाइपाला भोक पाडून त्यांनी हाताने तोटी बसवली, घामाने निथळत, बापाकडे न बघता. काकू घरून घागर घेऊन आल्या होत्या. तांब्याची, काठाला पोचे पडलेली.

तोटी आधी फुसफुसली. मग लाल गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. मेंबरांनी घागर धुतली, काठोकाठ भरली आणि कोणाला हात लावू न देता कमरेवर घेतली. या वयात त्यांना ती पेलवत नव्हती. चिंचेच्या पलीकडच्या अंगाला जाऊन ते आमच्याकडे पाठ करून खाली बसले. आम्ही नळाशी थांबलो. ऊन कलंडलं होतं, वारा पडला होता, आणि मला मागे बघायची या वेळी गरज वाटली नाही. कोण कोण जमलं आहे ते मला कळत होतं.

बऱ्याच वेळाने ते उठून आले. घागर त्यांच्या हातात उपडी लोंबत होती. तिच्यातून थेंब पडत नव्हता, आणि ते बसले होते तिथली माती मी पाहिली. ती कोरडी फटफटीत होती.

"पेली का?" गजूभाऊंनी विचारलं.

"पेली," मेंबर म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला. "मले माहा बापच समजली. म्हणे, दादा, काहून रे इतका उशीर?"

गजूभाऊंनी त्यांच्या हातातली घागर घेतली आणि पुन्हा नळाखाली धरली.